घेतलाय तो चांगलाच आहे

वस्तू कशी आहे हे ज्याने ती घेतली आहे त्यालाच विचारावे, असा आपल्याकडे एक जुना समज आहे. या समजाचा मी स्वतः बळी आहे. डोंबिवलीत फ्लॅट घेण्यापूर्वी त्याच इमारतीत राहणाऱ्या एका गृहस्थांना मी विचारलं होतं, "पाणी कसं आहे हो?" ते म्हणाले, "पाण्याला तोटा नाही." राहायला गेल्यावर कळलं की पाण्याला खरोखरच तोटा नव्हता. ते फक्त पहाटे साडेचार ते सव्वापाच यायचं. गृहस्थ तसे खोटं बोलले नव्हते. त्यांचाही तिथे स्वतःचा फ्लॅट होता, एवढंच.

इतकं शिकूनसुद्धा पुढे माझ्या हातून जे झालं ते झालं. तेच सांगायला बसलो आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये आम्हा बँकवाल्यांचा वेतनकरार झाला आणि नोव्हेंबर २०२२ पासूनचे एरियर्स एकदम हातात पडले. आता आम्हाला क्लार्कही म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. काम तेच, काउंटर तेच, खुर्चीचा निखळलेला हातही तोच. पण नाव लांब झालं आणि त्याच सुमारास खिसाही फुगला की माणूस घसरतो. सौ.चं म्हणणं होतं, या पैशांत स्वयंपाकघराचा ओटा बदलून घेऊ. मी म्हणालो, बघू. असं 'बघू, बघू' म्हणत एका रविवारी मी सव्वा लाखाचा फोन घेऊन घरी आलो.

कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर एक तर जाहिरात होईल, नाहीतर बदनामी. आणि दोन्हींचे पैसे मला मिळणार नाहीत. आयफोन नव्हे, अँड्रॉइडमधला अगदी वरचा माल, एवढं पुरे. महागड्या अँड्रॉइडच्या मालकाचं एक खास दुःख असतं, ते दुसऱ्याला कळायचं नाही. आयफोनवाल्याने फोन नुसता टेबलावर पालथा टाकला तरी ते उष्टं सफरचंद त्याच्या वतीने बोलतं. आमचं तसं नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा साडेअकरा हजारांचा फोनही अँड्रॉइड आणि माझाही अँड्रॉइड. रबरी कव्हरात घातल्यावर दोघेही सख्खे भाऊ. त्यामुळे किंमत आपल्यालाच आपल्या तोंडाने सांगावी लागते. आणि ती सांगितली की समोरचा हमखास विचारतो, "मग आयफोनच का नाही घेतलात?"

वजन म्हणाल तर पाव किलोला वीसेक ग्रॅम कमी. म्हणजे आमच्या भाजीवाल्याच्या मापाने पाव किलोच. उताणं पडून वाचताना तो दोनदा नाकावर पडला. पेटीत चार्जर नव्हता. पर्यावरण वाचवण्यासाठी देत नाहीत म्हणे, म्हणून पर्यावरण वाचवायला मी वेगळे अठराशे रुपये मोजले. पाठ इतकी देखणी आणि गुळगुळीत, की पहिल्या दिवशीच तिच्यावर साडेतीनशेचं कव्हर चढवावं लागलं. सव्वा लाखाची ती पाठ मी त्यानंतर पाहिलेली नाही. सकाळच्या लोकलमध्ये फोन बाहेर काढायची हिंमत होत नाही, म्हणून गाड्यांच्या वेळा पाहायला जुना फोन जवळ बाळगतो. नवा आतल्या खिशात असतो, आणि गर्दीत शिरताना त्याच्यावर माझा उजवा हात घट्ट दाबलेला असतो. एकदा ते पाहून एक सज्जन घाईघाईने उठले आणि म्हणाले, "बसा, बसा, छातीत दुखतंय का?" ठाकुर्लीपासून भायखळ्यापर्यंत बसून गेलो. या फोनचा आजवरचा सगळ्यात रोकडा फायदा हाच.

बाकी त्याच्यावर मी करतो काय? पहाटे गजर लावतो. नातेवाइकांची फुलं घातलेली 'शुभ सकाळ' पाहतो. भाजीवाल्याला यूपीआयने चाळीस रुपये देतो. साडेअकरा हजारांच्या फोनवरून चाळीस रुपये पाठवले तर चाळीसच पोहोचतात आणि सव्वा लाखाच्या फोनवरूनही चाळीसच पोहोचतात, हे बँकेत एवढी वर्षं काढलेल्या माणसाच्या लवकर लक्षात यायला हवं होतं.

फोटो मात्र काढतो झकास, हे कबूल केलं पाहिजे. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावणाऱ्या आईचा फोटो इतका सुरेख आला, की आई चष्मा पुसून पुन्हा बघत म्हणाली, "मी इतकी काही गोरी नाही रे." आईला फोनातलं काही कळत नाही, पण मुद्द्याचं तीच बोलली. २०२३ च्या मार्चमध्ये सॅमसंगच्या महागड्या फोनांवरून असंच एक प्रकरण झालं होतं. एका माणसाने चंद्राचा फोटो मुद्दाम लहान केला, धूसर केला, कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला, खोलीतले दिवे घालवले आणि लांबून त्या फोनने त्याचा फोटो काढला. पडद्यावर होता नुसता पांढरट डाग. फोटोत खड्ड्यांसकट चंद्र उगवला! कंपनीने खुलासा केला, की फोन चंद्र ओळखतो आणि त्याचे बारकावे कृत्रिम बुद्धिमत्तेने उठावदार करतो. नको असेल तर ती सोय बंद करता येते. म्हणजे समोर काय दिसतंय यापेक्षा काय दिसायला हवं, हे त्याला आधीच ठाऊक होतं.

त्यात फोनला काय नावं ठेवायची? मालकही तेच करतो. सव्वा लाखाला फोन कसा असायला हवा हे त्याला ठाऊक असतं, आणि जिथे काही दिसत नाही तिथे तो आपल्या पदरचे खड्डे भरतो. फरक इतकाच, की ती सोय मालकाला बंद करता येत नाही.

याची परीक्षा कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या रेसकोर्सवर होऊन गेलेली आहे. नॉक्स आणि इंकस्टर या दोन संशोधकांनी १९६८ साली ती छापली. दोन डॉलर लावायला खिडकीकडे निघालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, तुमचा घोडा जिंकेल याची कितपत खात्री आहे? तोच प्रश्न नुकतेच पैसे लावून आलेल्यांना विचारला. जे लावून आले होते त्यांची खात्री जास्त निघाली. तेवढ्यात घोडा काही जास्त पळायला शिकलेला नव्हता. मध्ये फक्त एक खिडकी होती. खिडकीचा हा महिमा मी तिच्या आतल्या बाजूने रोज बघतो: पैसे भरण्यापूर्वी माणूस शंभर शंका काढतो आणि पावती हातात पडली की तोच मागच्याला समजावतो, "चांगली स्कीम आहे, डोळे मिटून घ्या."

आणि माझं तरी काय, माझा फोन पेट तरी घेत नाही. सॅमसंगचाच गॅलेक्सी नोट ७ आठवतो का? २०१६ साली त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या म्हणून कंपनीने सगळे फोन परत मागवले. पैसे परत द्यायची तयारी होती. तरी डिसेंबर उजाडला तेव्हा अमेरिकेतले त्र्याण्णव टक्केच परत आले होते. उरलेले चार्जच होऊ नयेत अशी तजवीज शेवटी कंपनीला करावी लागली. त्या सातांतले काही फोन हरवले असतील, काही कपाटात पडले असतील. पण एखादा तरी मालक खिशात निखारा घेऊन "आमचा तसा नाही हो" म्हणत हिंडत असणारच. तो मला माझा चुलतभाऊ वाटतो.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हाला एक नियम घोकायला लावत: शिल्लक माल दाखवताना खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, यांत जे कमी असेल ते धरावं. फार शहाण्या माणसाने केलेला नियम आहे. आम्ही मालक लोक तोच उलटा वापरतो, जे जास्त असेल ते. मध्यंतरी सहज म्हणून एका दुकानात विचारलं, तर फोन उलटासुलटा करून पोरगा म्हणाला, "पंचेचाळीस देऊ, काका." मी बाहेर पडलो आणि घरी येऊन सौ.ला सांगितलं, "अजून सत्तरला सहज जातो."

ही इथवरची खोटी कोणाच्या खिशाला लागत नव्हती. फार तर सौ.च्या ओट्याला लागत होती, आणि तिचा तिने वेगळा हिशेब ठेवलेला आहे. खरी गोष्ट यानंतरची.

दिवाळीपूर्वी एका दुपारी आमचे शिर्केमामा काउंटरशी आले. मामा आमच्या शाखेतले शिपाई. नोकरीची चार वर्षं राहिली आहेत. कोणाकडे कधी काही मागत नाहीत. त्यांच्या मुलीला फोटोंचा नाद आहे, पुढे त्यातच काही करायचं म्हणते.

"साहेब," ते म्हणाले, "पोरगी म्हणते पंचवीस-तीस हजारांतला घेतला तरी चालतंय. पण तिच्या मनात तुमच्यासारखा आहे, मला कळतं ना. फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स मिळेल, उरलेले सोसायटीतून उचलीन. मला यातलं काय समजतंय? तुम्ही वापरता. खरं सांगा, एवढा फरक आहे का?"

प्रश्न इतका सरळ होता की उत्तरही सरळच द्यायला हवं होतं. 'मामा, चांगला आहे, पण पंचवीस हजारांत तिचं काम भागेल.' माझ्या जिभेवर आलंही होतं. पण शेजारच्या काउंटरवर देशपांडे बसतो. त्याच्याकडे आयफोन आहे. 'आयफोनच का नाही घेतलात' म्हणणाऱ्यांत तो पहिला. त्याचं नोटा मोजायचं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं आणि त्याचे कान इकडे वळलेले मला दिसले. दारावरचे पवार, आमचे गार्ड, सैन्यातून निवृत्त झालेले, तेही दोन पावलं पुढे सरकले.

"फरक?" मी म्हणालो, "अहो मामा, जमीन-अस्मानाचा!"

मामांनी मान डोलावली आणि ते गेले. देशपांडेचं यंत्र पुन्हा सुरू झालं.

महाभारतात युधिष्ठिर अर्धंच खोटं बोलला आणि चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. माझा रथ म्हणजे ठरावीक लोकल. ती त्या दिवशीही नेहमीसारखीच रुळावर होती आणि चौदा मिनिटं उशिरा होती. पण रात्री झोप येईना. मी स्वतःशी बरीच वकिली केली. म्हटलं, खोटं म्हणजे माहीत असून बोललेलं. मला तर बोलताना ते अगदी खरं वाटलं होतं. म्हटलं, आवड ज्याची त्याची. पण आमच्या धंद्यात एक प्रकार आहे. कर्जाचे हप्ते नव्वद दिवस थकले की ते खातं बुडीतच्या वाटेला लागलं असं दाखवावं लागतं. ते दाखवायला लागू नये म्हणून काही लबाड लोक त्याच माणसाला नवं कर्ज देतात आणि त्यातून जुनं भागवून घेतात. कागदावर सगळं हिरवंगार दिसतं. माझं प्रत्येक "मस्त आहे हो फोन" म्हणजे तसलं नवं कर्ज होतं. आजवर ते मीच मला देत होतो. या वेळी ते शिर्केमामांच्या नावावर टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवून गेलो, तर मामा रजेवर. तिसऱ्या दिवशी आले ते पेढे घेऊन. "काल आणला साहेब. पोरगी रात्रभर झोपली नाही." पेढा तोंडात असताना माणसाने सत्य बोलावं कसं?

सोसायटीच्या वसुलीची यादी आमच्या शाखेत माझ्याकडे असते. दर महिन्याला वीस-बावीस नावं. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने टिचकी मारायची आणि वर पाठवायची. मामांचे छत्तीस हप्ते आहेत. पूर्वी ही यादी मी चहा पिता पिता संपवत असे. आता 'श' पर्यंत आलो की चहा गार होतो.

या सोमवारी अखेर धीर केला. दुपारी मामांना खालच्या टपरीवर घेऊन गेलो, दोन कटिंग सांगितले आणि म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी जरा वाढवूनच सांगितलं. खरं म्हणजे तिला पंचवीस हजारांतलाही चालला असता."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा गप्प बसतील. दोन्हींची तयारी होती. मामांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही फाटकी नोट घेऊन आलेल्या माणसाकडे पाहतो.

"असं कसं साहेब? फरक आहे ना!" ते म्हणाले. "जमीन-अस्मानाचा आहे." मग खिशातून पाकीट काढून त्यांनी मुलीने काढलेला एक फोटो दाखवला. छापून घेतला होता. त्यात मामाच होते, गणवेशात, शाखेच्या पायरीवर, मागे संध्याकाळ. फोटो खरोखरच चांगला होता. तो फोनमुळे चांगला होता की मुलीमुळे, हे मी विचारलं नाही.

चहाचे पैसे मी दिले. जिना चढताना मामा मध्येच थांबले आणि हळूच म्हणाले, "साहेब, मला सांगितलंत ते सांगितलंत. पवारांपुढे असलं काही बोलू नका हां. त्यांनाही पोरासाठी घ्यायचाय. शनिवारी जाणारेत दुकानात. मीच सांगितलंय त्यांना, डोळे मिटून घ्या म्हणून."

आज गुरुवार. सकाळी दारात पवारांनी नेहमीसारखा कडक सलाम ठोकला आणि विचारलं, "काय साहेब, फोन कसा चाललाय?"

मी हात छातीवर ठेवून आत आलो.