ओळखीचे दुःख आणि अनोळखी भले



फिरऔनच्या राज्यात बनीइस्राईलच्या मुलांची कत्तल होत होती. अल्लाहने समुद्र दुभंगून त्यांना त्या यातनेतून सोडविले, वाळवंटात मन्न व सलवा दिला. तरीही त्यांनी हजरत मूसा (अ.) यांच्याकडे काकडी, लसूण, मसूर आणि कांद्याची मागणी केली (सूरह अल-बकरा, आयत 61). भाष्यकारांच्या मते ही मिसरच्या जेवणाची ओढ होती. पाठीवरचे वळ विसरले गेले. जिभेवरची चव मात्र राहिली. उत्तम सोडून हलके का मागता, असे मूसा (अ.) यांनी त्यांना विचारले.

हा प्रश्न आज आपल्यालाही आहे. वडिलांचा संताप पाहत वाढलेल्या मुलीला सौम्य स्वभावाचे स्थळ परके वाटते आणि तापट स्थळ आपलेसे. मित्रांच्या नादाने जुगारात बुडालेला तरुण पुन्हा त्याच मित्रांत जाऊन बसतो. ओळखीचे दुःख मनाला निर्धोक भासते, आणि आपण त्याला तकदीर म्हणून मोकळे होतो. परंतु स्वतःच्या सवयीचा दोष तकदीरवर टाकणे योग्य नव्हे. ईमानधारक एकाच बिळातून दोनदा दंश होऊ देत नाही, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे (बुखारी, मुस्लिम).

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जुलमाचा गुन्हा जुलूम करणाऱ्याचाच असतो, सोसणाऱ्याचा नव्हे. आणि टाळता येण्याजोगा जुलूम निमूटपणे सोसत राहणे म्हणजे सब्रही नव्हे. अल्लाहची धरती विशाल नव्हती काय, असा सवाल सूरह अन-निसाच्या 97व्या आयतीत आहे. मात्र ज्यांना खरोखरच मार्ग नाही, त्यांना पुढच्याच आयतीत सूट आहे. म्हणून मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला ‘सांभाळून घे’ म्हणत परत पाठविणाऱ्यांनी विचार करावा : तिचा मार्ग कोणी बंद केला?

शंभर खून करून पश्चात्ताप पावलेल्या माणसाची हदीस प्रसिद्ध आहे. तौबेचे दार उघडे आहे, असे सांगून आलिमाने त्याला आपली वाईट वस्ती सोडून सज्जनांच्या वस्तीत जाण्यास सांगितले. तो वाटेतच मरण पावला. पण सज्जनांच्या वस्तीला वीतभर अधिक जवळ होता, म्हणून रहमतचे फरिश्ते त्याला घेऊन गेले. पोहोचणे त्याच्या हाती नव्हते, निघणे होते.

तेव्हा नाते, भागीदारी वा मैत्री जोडण्यापूर्वी मनाला विचारावे : हे चांगले आहे, की केवळ ओळखीचे आहे? जाणत्यांचा सल्ला घ्यावा, दोन रकअत नमाज अदा करून इस्तिखारा करावा आणि पहिले पाऊल टाकावे.

हे अल्लाह, आम्हाला भले ओळखण्याची दृष्टी आणि त्याकडे निघण्याचे बळ दे. आमीन!