'ट्रस्ट' आणि न्यास

'ट्रस्ट' हा शब्द समजण्यासाठी आज इंग्रजी येण्याची गरज उरलेली नाही. बडोद्याच्या दक्षिणेस, मकरपुऱ्याच्या कारखान्यांजवळ वसलेल्या आमच्या तरसालीत गुजराती, मराठी, कोंकणी अशा कोणत्याही घरी विचारावे. देवळाचा ट्रस्ट, ट्रस्टीमंडळ, ट्रस्टची सभा हे प्रयोग सर्वांच्या तोंडी आहेत. शब्द इतका रुळला की त्याचा मूळ अर्थ 'विश्वास' हा आहे, ही गोष्टच विसरली गेली. ट्रस्ट म्हणजे शिक्का, पावतीपुस्तक आणि वर्षाअखेरचा तपासनीस, अशी आपली समजूत! म्हणून कोणी देणगीदाराने पावती मागितली की वडीलधाऱ्यांपैकी एखादे गृहस्थ दुखावल्या स्वरात विचारतात, "आमच्यावर विश्वास नाही काय?" हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी ह्या एका शब्दाच्या पोटात दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

परक्या शब्दाचा अर्थ कसोशीने शोधणे हा उद्योग बडोद्यास नवा नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १९३१ साली, 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु' हा कोश येथे प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली असे प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. एका शब्दासाठी सात भाषांचे दार ठोठावणाऱ्या त्या पंडितांची चिकाटी आज दुर्मिळ झाली आहे.

'ट्रस्ट' हा इंग्रजांचाही मूळचा शब्द नव्हे. उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेत 'त्राउस्त' म्हणजे आधार, आसरा, भरवसा. तेथून तो इंग्लंडात आला. त्याच कुळातील जर्मन 'त्रोस्त' ह्याचा अर्थ सांत्वन, तर प्राचीन गॉथिक भाषेतील 'त्राउस्ती' म्हणजे करार. सांत्वन आणि करार एकाच घरात नांदावेत, ही गंमत वाचकांनी ध्यानात ठेवावी. 'सत्य' ह्या अर्थाचा इंग्रजी 'ट्रू' हा ह्याचाच भाऊबंद, आणि पुष्कळ भाषापंडितांच्या मते वृक्षवाचक 'ट्री' व आपला संस्कृत 'दारु' हेही दूरचे आप्त. ऑस्टहॉफ ह्या जर्मन पंडिताने निष्ठेची कल्पना ओक वृक्षाच्या टणकपणावरून निघाली असे प्रतिपादले. पुढे फ्रेंच पंडित बाँव्हनिस्त ह्यांनी क्रम उलटा लावला, म्हणजे 'दृढ' हा अर्थ आधीचा आणि वृक्षाचे नाव मागाहूनचे. दोहोंतील कोणीही खरा असो, ज्यावर भार टाकला असता मोडत नाही ते, हा भाव दोन्हीकडे समान आहे.

आपल्या 'विश्वास' शब्दाची धाटणी मात्र अगदी निराळी. तेथे धातू 'श्वस्', म्हणजे श्वास घेणे. ज्याच्याजवळ मोकळेपणी श्वास घेता येतो, त्याच्यावर आपला विश्वास! 'श्रद्धा' शब्दातील 'श्रत्' हा लॅटिन 'क्रेदो'शी नात्याने जोडलेला आहे, आणि त्याच 'क्रेदो'पासून वाण्याच्या वहीतले 'क्रेडिट' निघाले. देवाजवळची श्रद्धा आणि दुकानातली उधारी ही एकाच मुळाची पाने आहेत, हे ऐकून भाविकांनी रागावू नये.

आता कायद्यातील अर्थाकडे वळू. मध्ययुगीन इंग्लंडात फ्रान्सिस्कन भिक्षू आले. मालमत्ता बाळगावयाची नाही, असे त्यांचे व्रत. परंतु राहावयास छप्पर तर हवे. तेव्हा भाविक लोक आपली जागा तिसऱ्याच माणसाच्या नावे करून देत आणि ती भिक्षूंच्या उपयोगासाठी राखण्याचे वचन त्याच्याकडून घेत. साध्या न्यायालयांच्या दृष्टीने ज्याचे नाव तोच मालक. त्याने वचन मोडले तर दाद नाही. ही दाद द्यावयास पुढे आले ते राजाचे चॅन्सेलर, जे त्या काळी बहुधा धर्माधिकारीच असत. त्यांनी मालकीचा कागद पाहिला नाही, माणसाची सदसद्विवेकबुद्धी कशाने बांधली गेली आहे ते पाहिले. आठव्या हेन्रीने १५३६ मध्ये कायदा करून ही पद्धत आवरण्याचा यत्न केला, पण ती 'ट्रस्ट' ह्या नावाने पुन्हा उभी राहिली. तिचा जन्मच मुळी विश्वासघाताच्या अनुभवातून झाला, हे विसरता कामा नये.

ह्याच शब्दाची अमेरिकेतील गत पाहावी. तेथे १८८२ मध्ये स्टँडर्ड ऑइलच्या मालकांनी अनेक कंपन्यांचे भाग मूठभर ट्रस्टींच्या हाती एकवटले आणि 'ट्रस्ट' म्हणजे मक्तेदारी, असा अर्थ रूढ झाला. १८९० मध्ये तर ट्रस्टविरोधी कायदाच करावा लागला. विश्वासाच्या नावाविरुद्ध कायदा! शब्दांच्या नशिबीही कसे भोग असतात पाहा.

आमच्या मते ह्या शब्दाचे खरे तेज १७२६ च्या एका इंग्रजी निकालात दिसते. रमफर्ड येथील बाजाराच्या उत्पन्नाचा पट्टा एका अज्ञान मुलासाठी ट्रस्टीच्या हाती होता. मुदत संपली तेव्हा मूळ मालकाने मुलाच्या नावे नवा पट्टा देण्यास साफ नकार दिला. मग ट्रस्टीने तो स्वतःच्या नावे घेतला. ह्यात कपट नव्हते. मुलास तर तो मिळणारच नव्हता. तरीही चॅन्सेलर किंग ह्यांनी नफा मुलास देण्याचा हुकूम केला. जगातील कोणीही तो पट्टा घेऊ शकेल, घेऊ शकणार नाही तो एकटा ट्रस्टी, हा त्या निकालाचा आशय. आता असे समजा की देवळाच्या आवारातील एक गाळा रिकामा झाला आणि एका विश्वस्ताने बाजारभावाने, रोख भाडे मोजून, तो आपल्या मेहुण्यासाठी मागितला. पुष्कळ सज्जन म्हणतील, भाडे पुरते मिळते ना, मग देवाचे काय बुडाले? आम्हांस हा युक्तिवाद मान्य नाही. आपल्याकडील न्यायालयांनी देवाची मूर्ती ही कायद्याने व्यक्ती मानली आहे आणि व्यवहारापुरती तिला अज्ञान बालकासारखी समजली आहे. बालकाच्या वतीने भाव ठरवणारा आणि भाव देणारा एकाच घरातला असला, तर हिशेब चोख असूनही व्यवहार निर्मळ राहत नाही.

येथे कोणी म्हणेल की इंग्रजांचा हा 'ट्रस्ट' आमच्या देवळांना लागूच कसा? आक्षेपात तथ्य आहे. १८८२ च्या ट्रस्ट कायद्याने हिंदूंच्या धार्मिक देणग्या मुद्दाम वगळल्या होत्या. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे एका मठाचा खटला चालला, तेव्हा अमीर अली ह्यांनी स्पष्ट केले की इंग्रजी अर्थाचा ट्रस्ट हिंदू धर्मव्यवस्थेस ठाऊक नाही. गोव्यातील देवस्थाने तर वेगळ्याच वाटेने गेली. तेथे महाजनांची परंपरा, आणि तिला पोर्तुगीज अमदानीत १८८६ व १९३३ च्या नियमांनी दिलेले रूप. आमच्या ह्या भागास 'ट्रस्ट' लागला तो बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्यावर. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याने देवळे व मठ त्या व्याख्येत आणले, आणि गुजरातेत तोच कायदा आज गुजरातच्या नावाने चालू आहे.

परंतु नाव परके असले तरी वस्तू परकी नव्हती. आपल्या स्मृतिकारांनी 'निक्षेप', म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव, हा वादाचा स्वतंत्र विषय मानला. मनुस्मृतीत ऋणानंतर त्याचाच क्रम आहे. 'न्यास' शब्द तर देवघरातला. पूजेपूर्वी अंगन्यास, करन्यास करतात. म्हणजे आपल्याच देहावर मंत्राने देवतेची स्थापना करून हा देह तिचा, असे मानावयाचे. 'संन्यास' त्याच घरचा. नंदिग्रामी पादुका ठेवून राज्य करणाऱ्या भरताने अयोध्येस भावाने सोपवलेली ठेव मानले. आणि शाकुंतलातील कण्वास मुलगी सासरी धाडल्यावर ठेव परत केल्याचे समाधान लाभते. ठेव परत करावयाची असते, हा भाव 'ट्रस्ट'पेक्षा 'न्यासा'त अधिक ठसठशीत आहे. गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे की गीतेतील अपरिग्रह त्यांना उलगडला तो इंग्रजी कायद्यातील 'ट्रस्टी' शब्दाच्या आधाराने. दोन्ही शब्द एकमेकांस उजेड देतात, ते असे.

मग पावती मागणारा अविश्वासू काय? १९५६ मध्ये सीतापूर जिल्ह्यातील एका ठाकुरद्वाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की धार्मिक देणगीचा खरा लाभार्थी मूर्ती नव्हे, तिची उपासना करणारे भक्त होत. मीमांसक शबरस्वामींनीही देवाचे शेत, देवाचे गाव हे बोलणे गौण अर्थाचेच ठरवले होते. तेव्हा रांगेत उभा राहून हिशेब विचारणारा मनुष्य परक्या घरात डोकावत नाही. उलट, लेखी हिशेब असला म्हणजे विश्वस्तासही उद्याच्या कुजबुजीचे भय न बाळगता मोकळा श्वास घेता येतो. 'विश्वास' शब्दाची व्युत्पत्ती त्याच्याही कामी येते.

राहता राहिले गुप्तदान. दात्याने नाव लपवावे, ही आपली जुनी आणि सुंदर रीत. पण लपवण्याचा अधिकार देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा नव्हे. पावतीवर नावाच्या जागी 'गुप्तदान' असे लिहावे, आणि रकमेच्या रकान्यात आकडा पुरता, अक्षरी व अंकी, दोन्ही.