शोकांत आणि शोकात्म : चांदबिबीच्या निमित्ताने

एखाद्या जीवनाचा शेवट दुःखद झाला, एवढ्याने ते शोकात्म ठरते काय? शनिमाहात्म्यातील राजा विक्रम साडेसातीत राज्याला अंतरतो, हातपाय गमावतो. परंतु कोपाची मुदत सरते आणि गेलेले सर्व त्याला परत मिळते. येथे दुःखाला दाता आहे आणि अवधीही आहे. शनिशिंगणापूरच्या उघड्या चौथऱ्यावरील शिळेपुढे हात जोडणारा भाविक याच आश्वासनावर विसंबतो. श्रद्धेला ते आवश्यक असेल. शोकात्मिकेला ते परवडत नाही.

याच जिल्ह्यातील अहमदनगरच्या किल्ल्यात चांदबिबीचे जे झाले, त्याला ग्रहदशेचा आधार पुरत नाही. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादच्या वेढ्यात सुरुंगाने तट फुटला, तेव्हा तिने स्वतः उभे राहून रातोरात तो बुजवून घेतला. १६०० मध्ये दानियालचा वेढा पडला असता मात्र, किल्ला सोडून बालराजासह जुन्नरला निघून जावे, असा विचार तिने मांडला. ती शत्रूला फितूर झाल्याची हाकाटी झाली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले.

कलांनी तिच्या आयुष्यातून काय निवडले? अठराव्या शतकातील दख्खनी लघुचित्रांत ती घोड्यावर स्वार होऊन ससाण्यानिशी शिकारीस निघालेली दिसते. मेडोज टेलरची १८७८ची कादंबरी शीर्षकापासूनच तिला उदात्त ठरवते. दारूगोळा संपल्यावर तिने तोफांत सोने-चांदी भरल्याची आख्यायिका लोकांना प्रिय आहे. या प्रतिमांत शौर्य आहे, वैभव आहे. निर्णयाचा पेच नाही. वस्तुतः पहिल्या वेढ्याचा शेवटही वऱ्हाड देऊन केलेल्या तहानेच झाला होता. तट बुजवणारी आणि तह करणारी बुद्धी एकच होती. कलेने तिचे दोन तुकडे केले आणि एकच जपला.

ॲरिस्टॉटलच्या परिभाषेत नायिकेचा प्रमाद शोधू गेल्यास तो या माघारीच्या विचारात दाखवला जाईल. परंतु तिच्या हत्येनंतर थोड्याच काळात किल्ला पडला; बालराजा बहादूर निजामशाह कैद होऊन ग्वाल्हेरला गेला. म्हणून ती योग्य होती, असे म्हणणेही अपुरेच आहे. किल्ला टिकला असता, तर तिची हत्या न्याय्य ठरली असती काय? निर्णयाचे नैतिक मोल फलावर तोलता येत नाही. दगडी तटाशी निष्ठा की त्याच्या आतील माणसांशी, या प्रश्नाला ती सामोरी गेली. तिचे मारेकरी तो टाळून गेले. तिचे जीवन शोकात्म होते ते येथे. मृत्यूने ते केवळ शोकांत झाले.

नगरजवळच्या डोंगरावरील सलाबतखानाची कबर आजही लोकांच्या तोंडी ‘चांदबिबीचा महाल’ आहे. लोकस्मृतीने तिला दुसऱ्याची वास्तू बहाल केली. तिचा स्वतःचा निर्णय तिला परत देणे, हे कलेचे काम आहे.