माशीमाराचे पाप

सह्याद्रीची जी शाखा प्रथम सातमाळा आणि पुढे अजिंठ्याचा डोंगर अशा नावांनी पूर्वेकडे पसरत गेली आहे, तिच्या सावलीच्या घळींत टिकेलचा निळा माशीमार हा चिमणीहून लहान पक्षी राहतो. नराची पाठ निळी, गळा व छाती नारिंगी, पोट पांढरे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लाइथ यांनी १८४३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि कंपनी सरकारच्या फौजेतील सॅम्युएल टिकेल या अधिकाऱ्याचे नाव त्याला कायमचे जोडून दिले. पुढे १९३१-३२ मध्ये, अजिंठा-वेरूळचा औरंगाबाद मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना, पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. संस्थानी दफ्तरात माणसांच्या फिर्यादींखेरीज पाखरांनाही जागा मिळाल्याचा हा विरळा प्रसंग म्हटला पाहिजे.

या पक्ष्याचा सारा संसार हिंसेवर चालतो. झुडपातल्या खालच्या फांदीवर तो ताठ, निश्चल बसतो. एखादा कीटक टप्प्यात आला की झेप घेऊन त्याला टिपतो, आणि इतर पाखरे निवाऱ्याला गेल्यावरही अंधूक प्रकाशात आपला उद्योग चालूच ठेवतो. एप्रिल ते ऑगस्ट हा त्याचा विणीचा काळ. दरडीच्या भोकात किंवा झाडाच्या ढोलीत तीन ते पाच अंडी घातली जातात. म्हणजे ज्या चातुर्मासात जमीन जीवजंतूंनी भरून जाते म्हणून जैन साधू विहार थांबवून एके ठिकाणी राहतात, त्याच्या आरंभी हा पक्षी तेच जीवजंतू वेचून पिलांच्या चोचींत घालीत असतो.

मग त्याला पाप लागते काय?

वेरूळच्या चौतीस लेण्यांत बौद्ध, वैदिक आणि जैन असे तीन संप्रदाय एकाच कड्याला बिलगून बसले आहेत, पण या प्रश्नावर त्यांचा फैसला एक नाही. वैदिक परंपरेतील रूढ मत असे की मनुष्ययोनी ही कर्मयोनी आणि पशुपक्ष्यांची भोगयोनी. पाखरू पूर्वकर्माचे फळ भोगते, नवे पाप जोडीत नाही. बौद्धांनी कर्माचे मूळ चेतनेत, हेतूत मानले, त्यामुळे प्रश्न पाखराच्या मनापाशी येऊन थबकतो. जैनांनी मात्र पाखराला माफी दिली नाही. त्यांच्या गणनेत माशी चतुरिंद्रिय आहे आणि पक्षी पंचेंद्रिय, समनस्क तिर्यंच, म्हणजे मन असलेला पशुपक्षी योनीतला जीव. तो कर्म बांधतो, आणि त्याच्या कर्मानुसार तिसऱ्या नरकापर्यंतही जाऊ शकतो.

पहिले मत ऐकायला दयाळू वाटते. मला ते दयाळू वाटत नाही. ज्याच्या खात्यावर पाप मांडता येत नाही त्याच्या खात्यावर पुण्यही मांडता येत नाही, आणि असा निरपराध जीव अखेर भोगाचे एक पात्र तेवढा उरतो. जैनांचा कायदा कडक खरा, पण त्यात सुटकेचे दारही त्याच जीवाला उघडे आहे: तिर्यंचाला अणुव्रते, म्हणजे गृहस्थाची लहान व्रते, घेता येतात, आत्मोन्नतीच्या पायऱ्यांपैकी पाचव्या गुणस्थानापर्यंत चढता येते. श्वेतांबर परंपरेतील चंडकौशिक नाग महावीरांच्या बोधाने शांत झाला आणि मुंग्या अंग फोडीत असताना, त्या चिरडू नयेत म्हणून, हललादेखील नाही. ज्या धर्माने सापाला तपस्वी होण्याचा अधिकार दिला, त्याने माशीमाराला अपराधी ठरवले तर त्यात अवमान नाही, मान आहे.

शिवाय त्या कायद्यात अपराधाचे मोजमापही बारकाईने होते. कर्म किती काळ चिकटेल आणि किती तीव्र फळ देईल हे क्रोध, मान, माया, लोभ या कषायांवर अवलंबून असते. माशीमार रागाने मारीत नाही, साठाही करीत नाही; खाटीक पक्षी शिकार बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, तेवढीही बेगमी याच्यापाशी नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा बंध हलकाच असणार.

आम्हा औरंगाबादजवळच्या शेंद्र्याकडच्या लोकांना हा प्रश्न परका नाही. चैत्रात शेंद्रा कमंगर गावी मांगीरबाबा या लोकदैवताची यात्रा भरते, नवसाचे बोकड कापले जातात, आणि शहरातील सुशिक्षित मंडळी त्याला नाके मुरडतात. तो बळी मलाही रुचत नाही. पण नवस करणारा निदान आपण जीव घेतो हे जाणून, देवासमोर उभा राहून घेतो. उलट कपाशीवर फवारणी करणारे, गोदामांत कीटकनाशक धूर सोडणारे आणि त्या कापसाचे कपडे घालून अहिंसेवर लिहिणारे माझ्यासारखे लोक एका हंगामात किती चतुरिंद्रिय मारतात याचा जमाखर्च कोणी ठेवीत नाही. आणि लोभ या कषायाचे कलम लावायचे झाले तर ते पाखराआधी आम्हालाच लागू होईल.

वेरूळला जाणारे बहुतेक लोक कैलास लेणे पाहून परततात. त्यांनी बत्तिसाव्या लेण्यापर्यंत, इंद्रसभेपर्यंत, जावे. तेथे अंगावर वेली चढल्या तरी न हललेला जैन तपस्वी बाहुबली कोरलेला आहे. बाहेरच्या झाडीत कोणी माशीमार दिसलाच, तर त्या दोन निश्चलतांत काय अंतर आहे याचा निवाडा ज्याने त्याने स्वतः करावा. मंगळवारी मात्र लेणी बंद असतात.