आई एक सांगते, बाबा दुसरेच



भुसावळच्या रेल्वे वसाहतीपासून जळगाव-धुळ्याच्या नव्या कॉलन्यांपर्यंत कुठल्याही घरभेटीला गेलो, की मुलांचा विषय निघतो आणि पाच मिनिटांत एक तक्रार कानावर येते. आई म्हणते, "मी ओरडते आणि हे लाडावून ठेवतात." बाबा म्हणतात, "मी शिस्त लावायला जातो आणि ही पाठीशी घालते." दोघेही खरेच बोलत असतात. वाईट एवढेच वाटते, की हे बोलणे चालू असताना मूल तिथेच बसून सगळे ऐकत असते.

याला आपल्या खान्देशात कारणेही तशीच आहेत. रेल्वेत रनिंग ड्युटी करणारे वडील घरी येतात ते थकून. चार तासांसाठी आलेल्या बापाला मुलाशी भांडायचे नसते. तो खाऊ आणतो, मोबाइल हातात देतो. अभ्यास, शाळेची फी, संध्याकाळची प्रार्थना, रविवारी मिस्साला वेळेवर उठवणे, हे सारे आईच्या वाट्याला. मग आई कडक आणि बाबा चांगले ठरतात. आई रात्रपाळी करणारी नर्स असेल तर हेच चित्र उलटे होते. साक्री-शिरपूरकडची काही आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मूल वसतिगृहात किंवा आजीकडे राहते आणि हंगाम संपवून परतलेल्या आईबापांपैकी एकाला सहा महिन्यांची माया एका आठवड्यात द्यायची असते, तर दुसऱ्याला सहा महिन्यांची शिस्त. शिवाय घरात आजी-आजोबा असले तर ते मुलाचे वरचे कोर्ट!

स्वभाव वेगळे असणे हा दोष नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. एकाने धीर द्यावा, दुसऱ्याने धाक ठेवावा, यातून मुलाचे काही बिघडत नाही. बिघडते ते वेगळ्याच ठिकाणी. बाबांनी 'नाही' म्हटलेले आईकडून 'हो' करून घेता येते, हे पाच वर्षांच्या मुलालाही कळते. पंधराव्या वर्षी तेच मूल आईला म्हणते, "बाबांना सांगू नकोस." सहामाहीचे गुण आईला माहीत, बाबांना नाही. गाडीसाठी दिलेले पैसे बाबांना माहीत, आईला नाही. अशा घरात मुलाला दोन पालक असले तरी खऱ्या अर्थाने एकही उरत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकातील इसहाक आणि रिबेका यांचे घर आठवा. इसहाकाला एसाव आवडे, कारण त्याने आणलेल्या शिकारीचे मांस त्याला रुचत असे. रिबेकेचा जीव याकोबावर होता. मुले पोटात असतानाच, थोरला धाकट्याची सेवा करील असे देवाने रिबेकेला सांगितले होते. ही गोष्ट तिने नवऱ्याला कधी सांगितली की नाही, याचा पवित्र शास्त्रात कुठेही उल्लेख नाही. पुढे म्हातारपणी दृष्टी गेलेला इसहाक एसावाशी बोलतो, ते रिबेका ऐकते आणि उठून याकोबाकडे जाते. नवरा-बायको एकमेकांशी बोलतच नाहीत. बोलतात ते आपापल्या मुलाशी. बकऱ्याच्या कातड्याचे कपट त्यानंतरचे आहे. खरा घोटाळा आधीच झालेला होता.

एसावाच्या रागापासून वाचवण्यासाठी रिबेका याकोबाला आपल्या भावाकडे पाठवते, तेही थोडे दिवस म्हणून. त्या थोड्या दिवसांची वीस वर्षे झाली. ज्या मुलासाठी तिने एवढे केले, तो तिला पुन्हा भेटल्याचे कुठेही लिहिलेले नाही. आणि तोच याकोब पुढे बाप झाला तेव्हा त्याने सगळ्यांत योसेफालाच वेगळा झगा दिला, आणि भावांनी त्याला विकले. घरातली ही सवय पुढच्या पिढीत अशी उतरते.

संत अगस्तीन यांच्या घरीही आईवडिलांचे एकमत नव्हते. वडील पात्रिसियुस तापट, आई संत मोनिका श्रद्धाळू. ऐपत नसतानाही मुलाला शिकायला कार्थेजला पाठवायचे वडिलांच्या मनात होते. तो शुद्ध कसा राहील, याची चिंता आईला. मुलगा वयात आलेला पाहून वडिलांना नातवंडांची स्वप्ने पडू लागली आणि आईच्या काळजात धस्स झाले, हे अगस्तीन यांनीच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. मोनिकेची एक रीतही त्यांनी तिथे नोंदवली आहे: नवरा रागात असताना ती त्याला उलट उत्तर देत नसे, राग ओसरल्यावर, योग्य वेळ पाहून आपले म्हणणे समजावून सांगत असे. मृत्यूपूर्वी पात्रिसियुस यांनी स्नानसंस्कार स्वीकारला.

इथे गैरसमज नको. मुलावर किंवा बायकोवर हात उगारला जात असेल, तर 'नंतर बोलू' म्हणून थांबायचे नाही. तिथे लगेच मध्ये पडायचे आणि गरज असेल तर बाहेरची मदत घ्यायची. वडिलांनी मुलांना चिडवून त्यांचे मन खचवू नये, असे संत पौल कलस्सैकरांना बजावतात. "आम्हीही मार खाऊनच शिकलो" हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही.

पण रोजचे मतभेद, म्हणजे ट्यूशन, टीव्ही, मित्र, मोबाइल, सायन्स की आर्ट्‌स, यांना मोनिकेची रीत नक्की लागू पडते. एकाने मुलाला काही सांगितले, तर दुसऱ्याने निदान त्या संध्याकाळपुरते तेच धरून ठेवावे. मुले झोपल्यावर दोघांनी बोलावे, हवे तर भांडावे. निर्णय चुकला असे ठरले, तर ज्याने तो दिला त्यानेच सकाळी तो बदलावा, म्हणजे कोणाचीही मान खाली जात नाही. विवाहसंस्काराच्या वेळी देवाने दिलेली अपत्ये ख्रिस्ताच्या शिकवणुकीप्रमाणे वाढवाल का, असे वेदीसमोर विचारले जाते, ते दोघांना एकत्र विचारले जाते. आईला एक प्रश्न आणि वडिलांना दुसरा, असे तिथे नसते.

रोझरीच्या आनंदाच्या पाचव्या रहस्यात आपण बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडल्याचे मनन करतो. तीन दिवस शोधून आईबापांचा जीव कासावीस झालेला. अशा वेळी कोणत्याही घरात पहिले वाक्य असते, "तुमचे लक्ष कुठे होते?" मरिया तसे म्हणत नाही. मुलाशी बोलताना ती शोधणाऱ्या दोघांचा उल्लेख करते आणि त्यातही योसेफाचा आधी, स्वतःचा नंतर. हा क्रम संत अगस्तीन यांनी आपल्या एका प्रवचनात मुद्दाम दाखवून दिला आहे. येशूचे उत्तर त्या दोघांनाही समजले नाही, असे लूक प्रांजळपणे लिहितो. तरी तिघे नाझरेथला परत निघाले. वाट काही दिवसांची होती. त्या वाटेवर, मुलगा झोपल्यावर, मरिया आणि योसेफ एकमेकांशी काय बोलले, ते लूकने लिहिलेले नाही. मुलगा त्या दोघांच्या आज्ञेत राहिला, एवढेच लिहिले आहे.