भिंगरीचा अपराध

पापाची व्याख्या आम्हां धर्मगुरूंना तोंडपाठ असते. कृत्य गंभीर असावे, त्याच्या गंभीरपणाची पूर्ण जाणीव असावी आणि ते स्वेच्छेने केलेले असावे. या तीन अटी पूर्ण झाल्या म्हणजे गंभीर पाप घडते. पुण्याच्या सेमिनरीत ही व्याख्या मी परीक्षेत लिहिली आणि पुढे पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवली. तिचा अर्थ मात्र मला पुरता उमगला नव्हता, हे पन्नाशीत आल्यावर एका मांजरामुळे ध्यानात आले.

२०१८ च्या पावसाळ्यात मी साताऱ्यात होतो. एके दिवशी सकाळची मिस्सा आटोपून बाहेर आलो, तो फाटकापाशी पुठ्ठ्याचा एक खोका भिजत पडलेला दिसला. आत ओंजळीत मावेल एवढे, जेमतेम महिन्याचे पिलू होते. त्या रविवारी मी प्रवचनात या प्रसंगाचा उल्लेख केला. मुक्या जिवाला पावसात टाकून जाणाऱ्याच्या अंतःकरणाला काय म्हणावे, असा सवाल मी मोठ्या आवेशाने केला होता. तो आवेश पुढे मलाच महाग पडणार होता.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी पिलाचे नाव भिंगरी ठेवले. चार महिन्यांतच ते किती सार्थ आहे, याचा प्रत्यय आला. पहाटे चार वाजता ती पडद्यावर चढे आणि दांडीसह खाली येई. खुर्चीच्या गादीतला कापूस तिने बाहेर काढला, सेमिनरीच्या काळापासून जपलेल्या माझ्या टिपणवह्यांच्या चिंध्या केल्या. चालणाऱ्याच्या घोट्यावर ती दबा धरून झडप घाली. माझ्या दोन्ही पायांवर ओरखडे कायमचे होते. धर्मगुरूनिवासात भेटीला येणारे लोक पाय वर घेऊन बसू लागले. ओरडून पाहिले, वर्तमानपत्राची सुरळी आपटून पाहिली, एकदोनदा फटकेही दिले. ती क्षणभर पलंगाखाली जाई आणि मी वळताच पुन्हा माझ्या टाचेवर येई.

आगमनकाळातल्या शेवटच्या रविवारी आणखी एक गोष्ट घडली. तिचा भिंगरीशी तसा संबंध नव्हता, निदान तेव्हा मला तसे वाटत होते. प्रवचन चालू असताना सहा वर्षांचा एक मुलगा बाकावर चढत होता, उतरत होता, मधल्या वाटेवरून धावत होता. त्याची आई त्याला पुनःपुन्हा धरून आणत होती. रात्रभर झोप नसल्याने माझे डोके ठणकत होते. मी बोलणे थांबवले आणि म्हणालो, "बाई, त्याला बाहेर घेऊन जा. शांत बसायला शिकला, म्हणजे आणा." सगळ्यांच्या माना वळल्या. ती मुलाला घेऊन खाली मानेने बाहेर गेली.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, तरुणांनी आठवडाभर खपून उभारलेला ख्रिस्तजन्माचा देखावा भिंगरीने उद्ध्वस्त केला. कागदाचे डोंगर फाटले, तीन ज्ञान्यांपैकी एकाचे डोके फुटले आणि गव्हाणीतल्या गवतावर ती अंगाचे वेटोळे करून झोपली. मावशी हसल्या. मला हसू आले नाही. तरुणांनी जमेल तेवढी डागडुजी केली, मध्यरात्रीची मिस्सा पार पडली. परवा सकाळी, संत स्तेफनच्या सणाच्या दिवशी, मी तिला गोणपाटाच्या पिशवीत घातले, तोंड बांधले आणि स्कूटरवरून माहुलीच्या वाटेला लागलो.

आपल्याकडे ही जुनी रीत आहे. मांजर परतून येऊ नये म्हणून त्याला पाण्यापलीकडे सोडतात. साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे. तिथला पूल ओलांडून तिला सोडावे, असा माझा बेत होता. पुलापाशी मी थांबलो. एरवी क्षणभरही स्थिर नसणारी भिंगरी पिशवीत अगदी निश्चल होती. मी हात लावला. ती थरथरत होती. आणि तेव्हा मला फाटकाजवळचा तो भिजका खोका आठवला. खोका ठेवणाऱ्याने निदान कुणाच्या तरी नजरेस पडेल अशी जागा निवडली होती. मी मात्र नेमकी कुणाच्या नजरेस पडणार नाही अशी जागा शोधीत होतो. ज्याला मी प्रवचनात निष्ठुर ठरवले, त्याच्याहून मी कोणत्या अर्थाने बरा होतो?

मी परत फिरलो. माझे मन द्रवले, असे म्हणवत नाही. मला लाज वाटली, एवढेच खरे.

त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक, पुस्तके पुन्हा उघडली. आणि दुसरी, पशुवैद्यकाकडे गेलो. संत थॉमस अक्वायनस म्हणतात, पशूचा निर्णय सहजप्रेरणेचा असतो. लांडगा दिसताच मेंढी पळते, पण पळावे की न पळावे याची तुलना ती करीत नाही. जिथे निवड नाही, तिथे दोष नाही. तसे पाहता भिंगरीने केलेले नुकसान खरे होते, फुटलेला ज्ञानी खरा होता. पण अपराधी कोणी नव्हताच. मी चार महिने ज्याला शिक्षा करीत होतो, तो पापी त्या घरात अस्तित्वातच नव्हता. पाप करू शकणारा घरात एकच जीव होता, आणि स्कूटरही तोच चालवीत होता.

पशुवैद्यकांनी हेच आपल्या भाषेत सांगितले. पिलू आईपासून आणि भावंडांपासून फार लवकर दुरावले होते. पिले एकमेकांशी झोंबताना चावा किती जोराने घ्यायचा हे शिकतात. जोराने चावले तर भावंड ओरडते आणि खेळ मोडते. एकट्या पिलाला हे कोण शिकवणार? 'मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत' ही म्हण आपण ऐकतो. पण दातांचा तो मऊपणा आईच्या सहवासात राहून अंगी बाणतो, हे मला ठाऊक नव्हते. नखे ओरबाडणे म्हणजेही मस्ती नव्हे. त्यामुळे नखांवरचे जुने कवच गळून पडते, शरीर ताणले जाते आणि पंजांतल्या ग्रंथींचा गंध त्या जागी राहतो. पहाट आणि सांज या तिच्या शिकारीच्या वेळा; त्या वेळी तिने झोपावे, ही अपेक्षा माझी होती, तिच्या निर्मात्याची नव्हे. मारल्याने मांजर अपराध आणि शिक्षा यांची सांगड घालीत नाही, ते फक्त मारणाऱ्या हाताला भिऊ लागते.

मग आम्ही घरच बदलले. एका खांबाला काथ्या गुंडाळला, कपाटावर तिला बसायला उंच जागा केली. संध्याकाळी खाणे देण्याआधी पाव तास दोरीला बांधलेले पीस तिच्यापुढे नाचवायचे, हा माझा नेम झाला. सॅक्रिस्टीचे दार आणि टिपणवह्यांचे कपाट यांना कड्या बसवल्या. योग्य वयात तिची नसबंदीची शस्त्रक्रिया केली, लस टोचून घेतली. ती एका रात्रीत संत झाली नाही. पण दोन महिन्यांत माझ्या पायांवरच्या जखमा भरल्या.

यावर आमच्या एका ज्येष्ठ भाविकांनी आक्षेप घेतला. "फादर, दारात गरीब उभे असताना मांजरावर इतका वेळ आणि पैसा?" आक्षेप वाजवी होता. १९९२ च्या आपल्या धर्मशिक्षणग्रंथात दोन्ही बाजू आहेत: प्राणी ही देवाची निर्मिती असून त्यांना दयेने वागवणे हे माणसाचे देणे आहे, त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि त्याचबरोबर, माणसांच्या दुःखनिवारणासाठी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. म्हणून मी हिशेब मांडला. काथ्या, पीस आणि पाव तास यांपैकी काहीही मी गरिबाच्या ताटातून काढून घेतले नव्हते. उलट, दयेचा साठा मोजकाच असतो आणि तो एकाला दिला की दुसऱ्याला कमी पडतो, ही आपली समजूतच तपासून पाहण्यासारखी आहे. अक्वायनस यांनी याची दुसरी बाजू सांगितली आहे: पशूंशी क्रूरपणे वागणारा माणूस हळूहळू माणसांशीही तसाच वागू लागतो.

या वाक्याशी मी अडखळलो. कारण मला तो मुलगा आठवला.

जानेवारीत मी त्यांच्या घरी गेलो. त्या माउलीने चहा ठेवला. मी क्षमा मागितली. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "फादर, तो ऐकत नाही असं नाही. त्याला थांबताच येत नाही." पुण्याच्या डॉक्टरांनी अतिचंचलतेचे निदान केले होते. शाळेत त्याला शेवटच्या बाकावर एकटे बसवत, नातेवाईक लग्नकार्याला बोलवायचे टाळत. चर्च तेवढे उरले होते.

इथे गैरसमज नको. मूल म्हणजे मांजर नव्हे. मुलाला इच्छाशक्ती आहे, विवेक आहे, तो देवाच्या प्रतिरूपात घडला आहे. त्याला शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे. पण म्हणूनच माझा दोष मोठा होता. जे मुक्या प्राण्याच्या बाबतीत मी चार महिन्यांनी का होईना समजून घेतले, ते एका लेकराच्या बाबतीत समजून घ्यायला मी चार मिनिटेही दिली नव्हती. 'करत नाही' आणि 'करता येत नाही' यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याने पापनिवेदनाला बसावे तरी कसे? पुढच्या रविवारपासून तो मुलगा अर्पणाच्या वेळी दानाची टोपली घेऊन फिरू लागला. त्याला चालायला मिळे, आणि आम्हांला तो मिळाला.

२०१९ च्या जूनमध्ये माझी बदली सांगलीला झाली. भिंगरी टोपलीत बसून माझ्याबरोबर आली. ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. नदीकाठच्या गावांतून त्या दिवसांत एकच गोष्ट कानी येत होती: बोट दाराशी आली तरी अनेक शेतकरी जनावरे सोडून निघायला तयार नव्हते. त्यांच्या जिवाची काळजी वाहणाऱ्यांना तो हट्ट वाटला, आणि माणसाचा जीव आधी हे खरेच आहे. तरीही बेंदराला ज्या बैलांची शिंगे रंगवली, ज्यांना पोळी भरवली, त्यांना दाव्याला बांधून निघून जाणे त्यांना जमत नव्हते. पाणी बघत मी खिडकीशी उभा होतो. ही तीच कृष्णा, जिच्या काठावर आठ महिन्यांपूर्वी मी एक पिशवी घेऊन गेलो होतो. सोडून देणे किती सोपे असते, आणि कुणाकुणाला ते किती अवघड जाते!

पाळीव प्राण्याला उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी उत्पत्तीचे पुस्तक आहे. देवाने माणसाला प्राण्यांवर सत्ता दिली, हे आपण लक्षात ठेवतो. त्याला बागेत ठेवले ते मशागत करायला आणि राखण करायला, हे विसरतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच विसराळूपणावर बोट ठेवले आहे. सत्ता म्हणजे राखण. घरातला जो जाणता, त्याच्यावर भार. ज्याला अधिक दिले, त्याच्याकडून अधिक मागितले जाईल.

पाळीव मांजराचा उल्लेख आपल्या बायबलात एकाच ठिकाणी येतो, बारूखच्या सहाव्या अध्यायात. परक्यांच्या मूर्तींवर वटवाघळे, पाखरे आणि मांजरेही येऊन बसतात, यावरून त्या देव नव्हेत हे ओळखा, असा तिथला उपदेश आहे. मूर्ती मांजराला हाकलू शकत नाही, कारण ती जिवंत नाही. आपण जिवंत आहोत. हाकलणे आपल्याला सहज जमते. जवळ ठेवून घेणे शिकावे लागते.

भिंगरी आता प्रौढ झाली आहे. दिवसाचा बराच काळ ती झोपते. तरी परवाच तिने माझ्या टेबलावरचा चष्मा पंजाने ढकलत कडेपर्यंत नेला, माझ्याकडे पाहिले आणि खाली पाडला. भिंग तडकले. माझा हात उठला, आणि मग खाली आला. चष्मा तिथे ठेवला होता तो मीच.