मिटलेले कर्ज आणि उरलेली नोंद

मराठीत 'पत' हा शब्द पेढीच्या आणि समाजाच्या अशा दोन्ही व्यवहारांत चालतो. पतपेढी, पतपुरवठा, पतमर्यादा हे शब्द हिशेबाच्या वहीतले; पण 'त्याची गावात काही पत राहिली नाही' असे आपण म्हणतो तेव्हा समोर हिशेब नसतो, माणूस असतो. कर्ज थकले की पैसा जातो तो देणाऱ्याचा, पत जाते ती घेणाऱ्याची. पैशाची परतफेड कशी करावी हे सर्वांना ठाऊक आहे. गेलेली पत कशी परत येते, आणि ती परत देण्याचे काम नेमके कोणाचे, हा प्रश्न आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न मनात आला तो हिंगोली जिल्ह्यामुळे. परभणीपासून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा हळद आणि सोयाबीन यांवर जगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातील गोरेगाव परिसरातील काही शेतकऱ्यांनी शासनाकडे एक विलक्षण मागणी केली. पीक गेले आहे, बँकेचे कर्ज फेडता येत नाही, तेव्हा आमचे डोळे, मूत्रपिंड, यकृत विकत घ्या आणि त्यातून कर्ज वळते करा, अशी ती मागणी होती. अवयवांचे दरही त्यांनी लिहून दिले होते. वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. काहींनी तिला आंदोलनाची क्लृप्ती म्हटले. क्लृप्ती असेलही. परंतु ज्यांना देणे बुडवायचेच असते ते आपल्या देहाचे दरपत्रक करीत नाहीत. देणे हे देणेच आहे, ही समज अंगात मुरलेली माणसेच अशा टोकाला जातात, असे आम्हांस वाटते.

आता अशा माणसाचे पुढे काय होते ते पाहू. एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याने २०१२ च्या सुमारास पीककर्ज घेतले असे समजू. मराठवाड्यात ते वर्ष दुष्काळाचे गेले, आणि २०१४ व २०१५ ही लागोपाठची वर्षेही तशीच गेली. मध्ये एकदा नवे-जुने झाले, म्हणजे कागदावर जुने फिटले आणि नवे दिले गेले. हातात दमडी आली नाही. दोन हंगाम हप्ता थकला की अल्प मुदतीच्या पिकावरील कर्ज अनुत्पादक ठरते. पुढे काही वर्षांनी बँकेने ते खाते निर्लेखित केले, अर्थात आपल्या ताळेबंदातून काढून टाकले. येथे पुष्कळांचा गैरसमज होतो. 'बँकेने आपले खाते बंद केले, कर्ज गेले' असे लोक समजतात. निर्लेखन ही बँकेच्या घरातली गोष्ट आहे. ऋणकोची जबाबदारी तीमुळे एका पैशानेही कमी होत नाही. कालांतराने बँकेने एकरकमी तडजोडीचे पत्र पाठवले. शेतकऱ्याने बैलजोडी विकली, भावाकडून हातउसने घेतले, ठरलेली रक्कम भरली आणि बेबाकी प्रमाणपत्र घरी आणले. त्या रात्री त्या घरात सर्वांना स्वस्थ झोप लागली असेल.

दोन वर्षांनी मुलीच्या परिचारिका शिक्षणासाठी तो कर्ज मागायला जातो, आणि खिडकीमागचा कर्मचारी संगणकाकडे पाहून मान हलवतो. पतमाहिती अहवालात त्याच्या नावापुढे 'सेटल्ड' असा शेरा आहे. 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड'. म्हणजे खाते मिटले खरे, पण पूर्ण फिटून मिटले नाही.

ज्या संस्थेचे नाव आज खेड्यापाड्यांत 'सिबिल' या एका शब्दाने घेतले जाते, ती २००० साली स्थापन झाली. पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा २००५ चा आहे, आणि आज देशात अशा चार कंपन्या आहेत. बँका त्यांना प्रत्येक ऋणकोची माहिती कळवतात, त्यातून ३०० ते ९०० या दरम्यानचा एक अंक तयार होतो, आणि नोंदी किमान सात वर्षे जपल्या जातात. सात वर्षे! पवित्र शास्त्राच्या वाचकाला हा आकडा चटकन ओळखीचा वाटेल. अनुवाद या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षी ऋण सोडून देण्याची आज्ञा आहे. तिकडे सात वर्षांनी कर्ज सुटत असे. इकडे कर्ज सुटल्यावरही आठवण सात वर्षे पुरते.

सिबिल म्हणजे नवा सावकार, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. तडजोडीत जी रक्कम सुटली ती हवेत विरत नाही. ती कोणीतरी सोसलेली असते. बँकेच्या पैशात एखाद्या विधवेची ठेव असते, निवृत्त शिक्षकाची पुंजी असते. ज्याला तो पैसा पुन्हा द्यायचा त्याने मागे काय केले हे पाहणे हा ठेवीदारांप्रती बँकेचा धर्म आहे. शिवाय नोंद खरी आहे. रक्कम पूर्ण आली नव्हती, हे सत्यच आहे. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. गावच्या सोसायटीत कर्ज कोणाला मिळावे हे जेव्हा चेहरा पाहून ठरत असे, तेव्हा भावकी, जात, चेअरमनची मर्जी यांचा हिशेब आधी होई. अंकाला जात दिसत नाही.

पण त्याला पाऊसही दिसत नाही. किती दिवस थकले, किती रुपये थकले, किती सोडावे लागले, या सर्वांसाठी अहवालात रकाने आहेत. का थकले, यासाठी नाही. ज्याच्या शेतात दोन वर्षे काही उगवले नाही तो, आणि ज्याने कर्जाच्या पैशावर चैन केली तो, दोघांपुढे तोच शेरा. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी तडजोडींसंबंधी जो आराखडा प्रसृत केला, त्यात हेतुपुरस्सर थकबाकीदारांशीही तडजोड करण्याची मुभा बँकांना दिली गेली, आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. तडजोडीनंतर त्या ऋणकोला नवे कर्ज देण्यापूर्वी शेतीबाह्य कर्जांसाठी किमान १२ महिने थांबावे, असे त्यात आहे. शेतीकर्जासाठी किती थांबायचे हे प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळावर सोपवले आहे. ज्याच्यापाशी वकील आहे त्याला आपली मुदत कळते. बैलजोडी विकणाऱ्याला संचालक मंडळाचे धोरण कोण वाचून दाखवणार?

त्या पंधराव्या अध्यायाकडे पुन्हा वळू, कारण आमच्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरजू बांधवाला उसने देण्यास हात आखडता घेऊ नका, अशी ताकीद तेथे दिली आहे. ज्याने हा नियम लिहिला त्याला माणसाचे मन पक्के ठाऊक होते. ऋणमुक्ती जाहीर झाली की धनकोचा हात आखडतो. पुढे येशूच्या काळाच्या थोडे आधी धर्मगुरू हिल्लेल यांना तोच अनुभव आला. सातव्या वर्षाच्या भीतीने लोक गरिबांना कर्जच देईनात, म्हणून त्यांनी 'प्रोझबुल' नावाचा दस्तऐवज प्रचारात आणला. कर्ज न्यायालयाच्या स्वाधीन केले की ते सातव्या वर्षी सुटत नसे, आणि मग धनको निश्चिंत होई. ऋणमुक्तीचा नियम वाकवून त्यांनी गरिबांची पत वाचवली. कोणते अधिक दयेचे, जुने कर्ज सोडणे की नवे मिळू देणे? हिल्लेल यांनी दुसरे निवडले, आणि त्यांना कठोर म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

आपल्याकडे २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची योजना, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची योजना, अशा ऋणमुक्ती येऊन गेल्या. २०१७ च्या योजनेत दीड लाखांवरचे कर्ज असेल तर वरची रक्कम आधी स्वतः भरायची, मग दीड लाखांचा लाभ, असा एकरकमी परतफेडीचा मार्ग होता. प्रत्येक वेळी नियमित फेडणाऱ्याने विचारले, 'मग मी वेडा होतो काय?' त्याला थोडेफार प्रोत्साहन अनुदान देऊन उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. पण जुने सोडवण्याकडे जेवढे लक्ष गेले, त्याच्या मानाने नंतरच्या दाराकडे गेले नाही. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नये असे बँकांना बजावले, यावरूनच ते दार किती घट्ट लागलेले होते हे कळते.

कॅथोलिक माणसाला येथे प्रायश्चित्त संस्काराची आठवण होणे स्वाभाविक आहे. पापनिवेदनानंतर क्षमा मिळते, ती अपुरी मिळत नाही. तरीही चोरलेली वस्तू परत करण्याचे कर्तव्य क्षमेमुळे संपत नाही. चर्चने भरपाईचा आग्रह कधी सोडलेला नाही. म्हणजे क्षमा आणि हिशेब या दोन गोष्टी आहेत, हे आपल्यालाही मान्य आहे. फरक इतकाच की पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू वही ठेवीत नाहीत, आणि जे ऐकले ते दुसऱ्या कोणाला कळवीत नाहीत. बँकेला वही ठेवावीच लागेल. पण वहीत लिहिलेले एक वाक्य हाच संपूर्ण माणूस, असे मानण्याची सक्ती तिच्यावर कोणी केलेली नाही. तडजोड स्वतः मान्य करून, पैसे मोजून घेऊन, सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र दिल्यावर पुढची सात वर्षे त्याच माणसाला केवळ त्या शेऱ्यासाठी दारातून परत पाठवणे, हा व्यवहार कायद्यात बसत असेल. न्यायात बसतो असे आम्हांस वाटत नाही. मागची नोंद पाहावी, आणि त्यानंतरची तीन-चार वर्षेही पाहावीत. दुसऱ्या गोष्टीसाठी कर्मचाऱ्याला खुर्चीतून उठावे लागते, एवढीच अडचण.

औंढा नागनाथाच्या विसोबा खेचरांची आख्यायिका येथे आठवते. नामदेवांचे हे गुरू. नामदेवांचे नरसी गावही याच जिल्ह्यात. महिपतींनी सांगितलेल्या कथेत विसोबा सराफ होते. दुष्काळात जवळचे सर्व अन्नदानात संपले, तेव्हा त्यांनी पठाण सावकाराकडून कर्ज काढून लोकांना जेवू घातले, आणि फेडता आले नाही. शेवटी विठ्ठलाने त्यांच्या गुमास्त्याचे रूप घेऊन ते फेडले. स्वतः सराफ असलेला, इतरांची पत पारखणारा माणूस दुष्काळामुळे थकबाकीदार होतो, हे त्या मुलखाने शेकडो वर्षे कथेत जपून ठेवले आहे. कथेत कर्ज पूर्ण फिटते, ही गोष्टही लक्षात घ्यावी.

ज्यांना गुमास्ता येऊन भेटत नाही त्यांच्यासाठी काही मार्ग आहेत, आणि ते सांगितल्यावाचून हा विचार कोरडा राहील. आपला पूर्ण पतमाहिती अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो मागवून वाचावा. बेबाकी प्रमाणपत्र हाती असूनही खाते थकीत दिसत असेल, तर बँक आणि कंपनी दोघांकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निराकरण न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २०२४ पासून आहे. तडजोडीत सुटलेली रक्कम पुढे भरण्याची ऐपत आली, तर बँकेशी बोलून ती भरावी आणि 'सेटल्ड'चे 'क्लोज्ड' करून घ्यावे. आम्हांस हा मार्ग सर्वांत सरळ वाटतो, जरी सर्वांत कठीण असला तरी. त्यानंतर सोन्यावरचे किंवा मुदतठेवीवरचे लहान कर्ज घेऊन ते वेळेवर फेडीत राहणे, हाच काय तो उपाय. पैसे घेऊन नोंद पुसून देतो म्हणणारे दलाल तालुक्याच्या गावीही दिसू लागले आहेत; खरी नोंद कोणालाही पुसता येत नाही. आणि सातबाऱ्यावरचा बोजा विसरू नये. कर्ज मिटले तरी इतर हक्कांच्या रकान्यातील ती ओळ बँकेचे पत्र तलाठ्याकडे देऊन फेरफार झाल्याशिवाय जात नाही, आणि वडिलांच्या नावाचा बोजा मुलाच्या वाटणीच्या दिवशी उभा राहतो.

वडिलांच्या कर्जाचा प्रश्न तर स्वतंत्रच आहे. केवळ पितृऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य आहे, एवढ्याच आधारावर नव्या कर्जांसाठी हिंदू मुलाला न्यायालयात खेचता येणार नाही, असे २००५ च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीने ठरवले. वारशाने आलेल्या मालमत्तेपुरती जबाबदारी मात्र राहते. तरीही बापाचे नाव थकबाकीदारांच्या यादीतून निघावे म्हणून पदरचे पैसे भरणारी मुले आम्ही पाहिली आहेत. त्या भरण्याने त्यांच्या स्वतःच्या अंकात एकाचीही भर पडत नाही.

आपल्या समाजाला हे सारे परके नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर खेड्यांतील संस्था परस्परांच्या अमर्याद जबाबदारीवर उभ्या राहत होत्या; एकाचे थकले तर सर्वांवर येई, म्हणून प्रत्येकजण शेजाऱ्याच्या शेतात डोकावत असे. वसईत १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी कॅथोलिक बँकेचा पाया घातला तो त्याच काळात. तेव्हा पाऊस पडला की नाही हे संचालकांना अहवालातून वाचावे लागत नव्हते.

संत पौलाने फिलेमोनला लिहिलेले छोटेसे पत्र आम्ही अनेकदा गुलामगिरीच्या संदर्भात वाचतो. त्यात एक साधा व्यवहारही आहे. अनेसिमाचे काही देणे निघत असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे पौल स्वहस्ते लिहून देतो. तो फिलेमोनला हिशेब विसरायला सांगत नाही; हिशेबात स्वतःचे नाव घालतो. आज जामीनदार व्हायला माणसे घाबरतात, आणि ती भीती खोटी नाही, कारण मूळ ऋणकोचा हप्ता चुकला की जामीनदाराच्या अहवालावरही ओरखडा येतो. म्हणून धर्मग्रामातील पतसंस्थांनी आणि बचतगटांनी एवढे तरी करून पाहावे: ज्याने तडजोडीनंतर दोन वर्षे आपल्या गटाचे हप्ते न चुकता भरले आहेत, त्याच्यासाठी एका व्यक्तीने नव्हे तर पाच-सहा जणांनी मिळून, रकमेची मर्यादा आधी ठरवून, जामीन राहावे, आणि बँकेत जाताना त्याच्याबरोबर गटाचे खातेपुस्तकही न्यावे.